सोलरचं गरम पाणी खालच्या बाथरूमात यायला लय वेळ लागते, रिटर्न लाईन अन् पंप लावून फायदा आहे का?

संत्रा_गोळी

नमस्कार मंडळी. घर त्रिमूर्तीनगरात, जुनं बांधकाम, खाली आईबाबा, वर आम्ही, गच्चीवर २०० लिटरचं ट्यूबवालं सोलर. वरच्या बाथरूमात गरम पाणी पटकन येते, तक्रार नाही. पण खाली बाबांच्या बाथरूमात नळ सोडला की थंड येऊन राहिलं, येऊन राहिलं, मग कोमट, अन् मग एकदम चटका. बाबा पहाटे साडेपाचला उठतात, अंघोळ झाल्याशिवाय चहा घेत नाहीत, आणि या दिवसांत पहाटे नागपुरात काय गारठा असते ते इथल्यांना सांगायला नको. तेवढा वेळ ते टॉवेल गुंडाळून उभे, अन् पाणी मोरीत.

युट्यूबवर अमेरिकेतल्या घरांचे व्हिडिओ पाहिले. तिकडे हीटरपाशी एक छोटा पंप लावतात, तो पाइपातलं थंड झालेलं पाणी परत हीटरकडे फिरवते, म्हणजे नळ उघडला की गरमच. त्यात दोन प्रकार दिसले, एकात परतीची वेगळी लाईन टाकतात, दुसऱ्यात शेवटच्या बेसिनखाली गरम अन् थंड लाईनच्या मध्ये एक व्हॉल्व्ह बसवतात अन् थंड पाण्याच्या पाइपातूनच परत पाठवतात. दुसऱ्यात फोडाफोडी नाही म्हणून तो मला जास्त आवडला.

पण ते सगळं गॅसच्या मोठ्या टाकीवर अन् तळघरात, आपलं सोलर गच्चीवर. आपल्याकडे हे चालते का? आमचा प्लंबर म्हणते दोन मजले पाणी परत चढवायचं म्हणजे अर्ध्या एचपीची मोटर लागेल. खरं का? अन् टाइल्स फोडायच्या नाहीत, त्या टाइल्स आईच्या पसंतीच्या आहेत, विषय संपला.

"गीझर लाव" हे उत्तर माहीत आहे, प्लीज तेवढं सोडून बोला.

ठेचा_भाकर

अरे भाऊ काहून एवढा खर्च करून राहिला. पहिले जे थंड पानी येते ते बादलीत घे, वरून गरम सोड, झालं. तुले विसण लागतेच ना? सोलरचं पानी ६० डिग्री, नळाचं थंडीत १८ धर, अंघोळीचं ४२. वीस लिटरच्या बादलीत साडेआठ लिटर थंड टाकावंच लागते, करून पाय हिशोब. म्हंजे ते थंड पानी वाया जाऊनच नाही राहिलं, तूच मोरीत सोडून राहिला. आमच्या घरी बुढा बुढी दोघंही असंच करतात, पंप नाही अन् फंप नाही.

संत्रा_गोळी

ठेचाभाऊ हिशोब एकदम बरोबर, अन् आम्ही वर तेच करतो. पण बाबांचे गुडघे गेले आहेत, ते स्टुलावर बसून हँडशॉवरनं अंघोळ करतात, बादली उचलणं वाकणं बंद. म्हणून हा सगळा खटाटोप. आई ते पाणी धरते अन् कुंड्यांना घालते, पण थंडीत कुंड्यांना रोज एवढं पाणी लागत नाही, जास्वंद सडायला आलं.

पोट्टा_नंबर_एक

कूलरचा पंप लावून टाक ना भाऊ, घरी पडलाच असेल, आता मार्चपर्यंत काही काम नाही त्याला 😂

जुना_फिटर

वरच्या पोट्ट्याचं ऐकू नका, म्हणजे तो मजाकच करून राहिला असेल पण कोणीतरी खरंच करेल म्हणून सांगतो. कूलरचा पंप पाण्यात बुडवून चालवायचा, प्लास्टिकचा, थंड पाण्याचा असते. लाईनमध्ये जोडायला त्याला नीट तोंड नाही, साठ डिग्रीच्या पाण्यात तो फार टिकणार नाही, अन् बाथरूमच्या ओल्या जागी त्याची वायर म्हणजे जिवाशी खेळ.

आता मुद्द्याचं. मी हॉटेलांच्या मेन्टेनन्समध्ये बरीच वर्षं काढली, तिथे ही रिटर्न लाईन नवीन गोष्ट नाही, प्रत्येक बऱ्या हॉटेलात असते, नाहीतर सहाव्या मजल्यावरचा गिऱ्हाईक सकाळी रिसेप्शनला फोन करून डोकं खाते. आपल्या इकडच्या मोठ्या सोसायट्यांत जिथे गच्चीवर सामाईक सोलर आहे तिथेही बऱ्याच ठिकाणी रिटर्न लाईन अन् टायमरवर पंप असते, सकाळच्या वेळापुरता. तर चालते का, तर हो, चालते.

प्लंबरचं अर्ध्या एचपीचं बोलणं मात्र चूक. त्याला वाटते पाणी खालून वर चढवायचं आहे. पण परतीची लाईन जर सोलरच्या टाकीतच, पाण्याच्या पातळीखाली जोडली, तर जेवढं पाणी परतीच्या पाइपात वर चढते तेवढंच दुसऱ्या पाइपातून खाली उतरून राहते, दोघांचं वजन एकमेकाला खाऊन टाकते. पंपाला फक्त पाइपातलं घर्षण मोडायचं असते. घरगुती कामाला पंचवीस-चाळीस वॅटचा सर्क्युलेशन पंप पुरते, पितळी नाहीतर स्टेनलेस बॉडीचा घ्या, गरम पाण्यासाठीच बनवलेला. मजले मोजायचे तर तेव्हा, जेव्हा तुम्ही परतीचं पाणी टाकीत वरून उघडं सोडाल. तसं करू नका.

दुसरं म्हणजे हे चोवीस तास चालवायचं नाही, कधीच नाही. अमेरिकेत सुरुवातीला लोक तसं चालवत, मग टायमर आले, थर्मोस्टॅट आले, अन् आता बटणवाले आले. आपल्या सोलरवर तर ते अजूनच महाग पडेल, हिशोब सांगतो. उघड्या पाऊण इंची पाइपातून गरम पाणी फिरत असेल अन् बाहेर गारठा असेल तर मीटरमागे पंधरा-वीस वॅट उष्णता उडून जाते. जाण्यायेण्याचा पाइप मिळून पन्नास मीटर धरला तर पाऊण ते एक किलोवॅट. तुमच्या २०० लिटरच्या टाकीत दिवसभरात ३५ डिग्री वाढ झाली तर एकूण साठते जवळपास आठ युनिट. म्हणजे रात्री दहाला पंप चालू ठेवून झोपलात तर पहाटे सहाला सोलर रिकामं, पाणी आहे पण उष्णता नाही. बाबा टॉवेल गुंडाळून उभेच.

म्हणून बटण. बाबा ब्रश करायला उठले की बटण दाबायचं, दोन-तीन मिनिटं पंप चालते, पाइप गरम झाला की तिथे लावलेला सेन्सर पंप बंद करते. वीज म्हणाल तर काहीच नाही.

तिसरं, एनआरव्ही. परतीच्या लाईनवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह पाहिजेच. नाहीतर नळ उघडला की पाणी दोन्ही वाटांनी येईल, गरम लाईनमधून गरम अन् परतीच्या लाईनमधून टाकीच्या तळाचं गार, अन् तुम्ही म्हणाल पंप लावून उलट पाणी थंड झालं. असं झालेली घरं पाहिली आहेत मी.

आता तुम्हाला आवडलेला बेसिनखालचा व्हॉल्व्ह. त्यासाठी दोन्ही लाईनी गच्चीच्या टाकीवरून पाहिजेत. तुमचं थंड पाणी कुठून येते ते आधी सांगा, टाकीतून की डायरेक्ट? अन् त्यात थंडच्या नळालाही पहिले काही लिटर कोमट येतात, ते चालेल का तेही पाहा.

अन् एक काम करा, काहीही विकत घ्यायच्या आधी सकाळी बादली लावून मोजा, चटका येईपर्यंत किती लिटर जाते. आकडा आल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

संत्रा_गोळी

फिटरकाका धन्यवाद, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. आज मोजलं. वीस लिटरची बादली काठोकाठ भरली तेव्हा कुठे गरम आलं. बाथरूमचं थंड गच्चीच्या टाकीवरून आहे. किचनच्या सिंकला मात्र थंड पाणी डायरेक्ट नळाचं आहे, प्यायला तेच लागते म्हणून, अन् त्याच सिंकवर एकदांडीचा मिक्सर नळ आहे, त्याला सोलरचं गरमही जोडलं आहे.

अजून एक, माहीत नाही याचा संबंध आहे का, पण सकाळी नळाला जोर असला की गच्चीवर सोलरच्या त्या उभ्या व्हेंट पाइपातून पाणी गळते, कधी कधी धारच लागते. प्लंबर म्हणाला होता सोलरमध्ये प्रेशर झालं असेल, सोडून द्या.

जुना_फिटर

संबंध आहे, अन् पूर्ण आहे! सोलरची टाकी उघडी असते, व्हेंट त्यासाठीच, त्यात प्रेशर होतच नाही. ते पाणी खालून चढून राहिलं आहे. किचनच्या मिक्सरची आतली कार्ट्रिज गेली असणार. मिक्सर बंद दिसते पण आत थंडची वाट गरमच्या वाटेला उघडी आहे. नळाचा जोर गच्चीपेक्षा जास्त झाला की डायरेक्ट लाईनचं पाणी मिक्सरमधून तुमच्या गरम लाईनमध्ये घुसते, वर चढते अन् व्हेंटमधून सांडते. म्हणजे मीटरचं पाणी गच्चीवर सांडून राहिलं अन् वरून तुमची गरम लाईन थंड करून राहिलं.

सिंकखाली गरमचा अँगल कॉक आहे ना, तो आज रात्री बंद करा अन् उद्या पुन्हा मोजा.

आणि बेसिनखालच्या व्हॉल्व्हचा विषय अशा घरात बंद. जिथे एक लाईन डायरेक्ट आहे अन् एक टाकीवरून, तिथे दोघांना जोडणारी कोणतीही वाट नको. प्यायच्या लाईनला तर मुळीच नको.

संत्रा_गोळी

काका तुम्ही ग्रेट आहात. अँगल कॉक बंद केला, सकाळी गच्चीवर जाऊन पाहिलं, व्हेंट कोरडा ठणठणीत. अन् खाली बादलीत चौदा लिटर गेल्यावर गरम आलं. म्हणजे सहा लिटरचा फरक नुसत्या एका कॉकनं. नवीन कार्ट्रिज आणतो. पण चौदाही जास्तच आहेत ना?

मनीषनगरवाली

मी वाचतच होते गप्प, पण आता लिहितेच कारण आमच्याकडे रिटर्न लाईन आणि बटण असं दोन्ही आहे. घर मनीषनगरला, सासरे खाली असतात, सेम केस. आम्ही परतीची अर्धा इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप) लाईन घराच्या मागच्या बाजूने बाहेरून गच्चीपर्यंत नेली, एकही टाइल फुटली नाही, फक्त बाथरूमच्या भिंतीला एक भोक. पंप बेसिनखालच्या कपाटात आहे. बेलचं बटण असतं ना, त्याच्यासारखं बटण सासऱ्यांच्या पलंगाशेजारी लावलं, रिले वगैरे इलेक्ट्रिशियनने बर्डीवरून आणून जोडलं. ते उठले की दाबतात, चष्मा शोधून चपला घालून बाथरूमपर्यंत पोचेस्तोवर पाणी तयार. त्यांना ते फार आवडतं, पाहुण्यांना दाखवतात.

पण पूर्ण खरं सांगायचं तर दोन गोष्टी. एक, बाहेरच्या पाइपाला काळं फोम गुंडाळलं होतं, ते एका उन्हाळ्यात भुगा झालं, हात लावला की काळी पावडर. आपल्याकडे २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ झालं होतं, त्या उन्हात उघडं फोम काय टिकणार. आता त्यावर ॲल्युमिनियमची टेप गुंडाळलीय, तेवढी टिकतेय. दुसरं, आमच्याकडे बोअरचं पाणी मिसळतं, ते जड आहे, पंपात पांढरा थर बसून तो घरघर करायला लागला, खोलून व्हिनेगरमध्ये ठेवून साफ करावा लागला. ज्यांनी बसवून दिला त्यांनी फोन उचलणं बंद केलं, म्हणून यजमानांनीच केलं. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारा जोड) आणि व्हॉल्व्ह लावून घ्या म्हणजे काढायला सोपा जातो, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.

खर्च सगळा मिळून दहा हजाराच्या वर गेला. आणि होळीनंतर तो पंप पूर्ण बंद असतो, कारण तेव्हा थंडच्या नळालाच पोळतं.

ठेचा_भाकर

हे खरं बोलल्या ताई. आपल्या इकडे गरम पान्याची गरज किती, दिवाळी ते होळी. मे मध्ये तर रात्रीच बादली भरून ठेवा लागते थंड व्हायला. चार महिन्यासाठी दहा हजार!

मनीषनगरवाली

दादा चार महिने असले तरी म्हाताऱ्या माणसाला त्या चार महिन्यांतच त्रास होतो ना. २०१८ च्या डिसेंबरला आठवतंय का, ३.५ पर्यंत गेलं होतं नागपूर. त्या पहाटे तुम्ही उभे राहून दाखवा मोरीत.

ठेचा_भाकर

नाही ताई मी त्या दिवशी अंघोळच नाही केली 🙏

रेघ_अन्_पट्टी

मी घरांचे प्लॅन काढायचं काम करते, प्लंबिंगचे ड्रॉइंगही. मला एक साधा प्रश्न आहे जो इथे कोणी विचारला नाही. संत्रा_गोळी, तुमचा गरम पाण्याचा पाइप सोलरपासून बाबांच्या बाथरूमपर्यंत नेमका कुठून कुठून जातो? आणि किती इंची आहे? कारण चौदा लिटर हा आकडा दुमजली घराला पटत नाही. पाऊण इंची सीपीव्हीसीत मीटरला पाव लिटरच्या किंचित वर पाणी मावतं, एक इंचीत ०.४३ लिटर, अर्ध्या इंचीत फक्त ०.१२. प्रत्यक्षात पाइपात जेवढं मावतं त्याच्या साधारण दीडपट पाणी वाया जातं, कारण पाइपही गरम व्हावा लागतो आणि मधलं पाणी मिसळत येतं. म्हणजे तुमच्या पाइपात नऊ-साडेनऊ लिटर आहे. पाऊण इंची असेल तर छत्तीस मीटर झाला, इतका लांब कसा?

संत्रा_गोळी

ताई आज रविवार म्हणून टेप घेऊन गच्चीपासून खालपर्यंत मोजत आलो, बायको म्हणाली आता नकाशाच काढा. पाइप एक इंची आहे, बिल्डरनं तेव्हा "प्रेशर जास्त मिळेल" म्हणून टाकला होता. सोलर पुढच्या जिन्याच्या टॉवरशेजारी. तिथून पाइप गच्चीवरून घराच्या मागे जाते, वरच्या मास्टर बाथरूमात उतरते, मग भिंतीतून दुसऱ्या बाथरूमाकडे, मग खाली किचनमध्ये, अन् किचनमधून फरशीखालून पुन्हा पुढे येऊन बाबांचं बाथरूम, जे जिन्याच्या खालीच आहे म्हणजे जवळपास सोलरच्या सरळ खाली! एकूण बावीस मीटरच्या आसपास.

रेघ_अन्_पट्टी

हे घ्या. बावीस गुणिले ०.४३ म्हणजे साडेनऊ, त्याचं दीडपट चौदा. तुमची बादली अगदी बरोबर बोलली.

आता बघा, फिटरकाकांचं सगळं बरोबर आहे, मनीषनगरच्या ताईंचंही. पण रिटर्न लाईनसाठी तुम्हाला बाथरूमपासून गच्चीपर्यंत बाहेरून नवीन पाइप टाकावाच लागणार आहे. मग जो पाइप टाकायचाच आहे तो परतीचा कशाला? तोच गरम पाण्याचा करा ना. सोलरच्या आउटलेटवरून टी काढून पाऊण इंची लाईन जिन्याच्या बाहेरच्या भिंतीवरून सरळ खाली, बाबांच्या बाथरूमच्या मिक्सरला. किती होईल, दहा-बारा मीटर? बारा मीटर धरले तर तीन लिटरच्या थोडं वर, वाया जाणारं साडेचार-पाच. चौदाचे पाच झाले, पंप नाही, बटण नाही, एनआरव्ही नाही, सेन्सर नाही, वीज नाही, साफ करायला काही नाही. जुन्या लाईनला त्या मिक्सरपाशी बंद करून डमी लावायची.

पाणी फिरवायची व्यवस्था मुळात जिथे अंतर कमी करताच येत नाही तिथली आहे, लांब पसरलेली घरं, उंच इमारती. तुमच्या घरात अंतर नाहीये, वळसा आहे.

जुना_फिटर

ताई बरोबर बोलल्या, मी उगीच हॉटेलच्या डोक्यानं विचार करून राहिलो होतो, तिथे वळसा काढता येत नाही. सरळ लाईन असेल तर पंपाची गरजच नाही. फक्त प्लंबर म्हणेल की पाऊण इंचीनं हँडशॉवरला जोर कमी येईल. ऐकू नका. तळमजल्याला गच्चीच्या टाकीपासून सहा-सात मीटरचा फॉल मिळते, एका बाथरूमाला तेवढा पुरेसा आहे. खरं तर अर्धा इंचीही चालून जाईल अन् पाणी निम्म्याहून कमी वाया जाईल, पण मग धार थोडी बारीक. म्हाताऱ्या माणसाला बारीक धार आवडत नाही, पाऊणच टाका.

सीपीव्हीसीच टाका, साधा पांढरा पीव्हीसी नाही. ट्यूबवालं सोलर उन्हाळ्यात पाणी उकळायला लावते, साधा पीव्हीसी त्यात मऊ पडून वाकते. सीपीव्हीसी ९३ डिग्रीपर्यंतच्या पाण्यासाठी असते. सरळ बारा मीटरच्या पाइपाला गरम झाल्यावर लांब व्हायला जागा लागते, म्हणून क्लिपा घट्ट आवळू नका, अन् मध्ये एखादं वळण सोडा.

अजून एक, नवीन लाईन सोलरपासून निघाल्यावर सतत उताराला पाहिजे, मध्ये कुठे उंचवटा आला की तिथे हवा अडकते अन् पाणी फुसफुस करत येते. गच्चीच्या कठड्यावरून पाइप उड्या मारत नेऊ नका, कठड्याला खालून भोक पाडून काढा.

संत्रा_गोळी

ताई, काका, खरंच डोळे उघडले. एवढे दिवस पंप शोधून राहिलो होतो ऑनलाइन, ग्रुंडफॉस बघ, हा बघ तो बघ. वळसा आहे हे घरात राहून दिसलं नाही. पुढच्या आठवड्यात करून घेतो.

पण मग किचनचं काय? तिथे जुन्या लाईननंच पाणी येईल, आईला भांड्यांना गरम पाणी थंडीत लागते.

मनीषनगरवाली

किचनला सिंकखाली तीन लिटरचा इन्स्टंट गीझर लावा, थेट थंडच्या लाईनवर. भांड्यांना किती पाणी लागतं? त्यासाठी सोलरचा अख्खा पाइप गरम करायचा म्हणजे काय. दहा लिटर पाणी १८ वरून ४२ ला न्यायला पाव युनिटच्या थोडी वर वीज लागते, अडीच-तीन रुपये फार तर. पण वायरिंग तपासून घ्या, तीन किलोवॅटचा असतो तो, किचनमधल्या मिक्सर-ग्राइंडरच्या प्लगवर लावायचा नाही, वेगळी सोळा अँपियरची लाईन आणि अर्थिंग पाहिजे.

संत्रा_गोळी

गीझर लाव म्हणू नका म्हटलं होतं मी 😄 बरं ताई, किचनपुरता मान्य. मग तिथलं सोलरचं कनेक्शन काढूनच टाकतो, मिक्सरचं भांडण कायमचं मिटेल.

जुना_फिटर

काढाच. नुसता अँगल कॉक बंद ठेवू नका, कोणीतरी कधीतरी उघडते. तिथे प्लग मारा. अन् इन्स्टंट गीझरला सेफ्टी व्हॉल्व्ह असते त्याचं तोंड मोकळं ठेवा, त्यातून दोन थेंब पडले म्हणून प्लंबर ते बंद करून देतात, तसं करू देऊ नका.

पोट्टा_नंबर_एक

म्हणजे शेवटी कूलरचा पंप नाहीच का 😔

रेघ_अन्_पट्टी

कूलरचा पंप मार्चमध्ये कूलरलाच.

संत्रा_गोळी, अजून एक लक्षात ठेवा. नवीन पाइपाला नायट्रिल फोमची नळी चढवा, भिंत कोणत्या दिशेला आहे? पश्चिमेला असेल तर वर टेप नक्की. पण फोमकडून जास्त अपेक्षा ठेवू नका, रात्रभर उभं राहिलेलं पाणी फोममध्येही थंड होतंच, पहाटेचे ते पाच लिटर वाचणार नाहीत. फायदा होतो तो बाबांच्या मागून अर्ध्या-पाऊण तासात आई अंघोळीला गेल्या तर. उघड्या पाइपात तोवर पाणी थंड झालेलं असतं, फोममध्ये गरम राहतं.

आणि हँडशॉवरचा तो चटका. सोलरचं पाणी ६०-६५ ला असतं, आता ते पूर्वीपेक्षा खूप लवकर येणार, बाबांना सवय आहे हळूहळू कोमट होण्याची. थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवता आला तर बघा, त्यावर ४० ची मर्यादा लावून ठेवता येते. महाग आहे, पण पंपाचे वाचले ना.

संत्रा_गोळी

भिंत पश्चिमेलाच आहे. टेप घेतो. मिक्सरचं लक्षात आलं नव्हतं, हे महत्त्वाचं, बाबा अँगल न बघता पूर्ण गरमच्या बाजूला फिरवून ठेवतात अन् वाट पाहत बसतात. पाइप-फिटिंग इतवारीत लोहाओळीकडे पाहून येतो, तिथे कोणाला थर्मोस्टॅटिक मिक्सर दिसला असेल तर सांगा, नाहीतर ऑनलाइन मागवतो.

जुना_फिटर

ऑनलाइन घेताना कमी दाबावर चालणारा घ्या, ०.५ बारच्या (बार म्हणजे पाण्याच्या दाबाचं माप) खाली चालेल असं लिहिलेलं पाहिजे. बरेच थर्मोस्टॅटिक मिक्सर प्रेशर पंपाच्या लाईनसाठी बनवलेले असतात, गच्चीच्या टाकीवर ते नुसते ठिबकतात. तुमच्याकडे ०.६ बार मिळेल, म्हणजे काठावर आहे. अन् त्याच्या आत जाळी असते ती काढून दर हिवाळ्याआधी धुवा.